चीज टी : चहा म्हणून मोजायचा की मिठाई म्हणून?

'डॉक्टर, सकाळपासून काहीच खाल्ले नाही, फक्त चहा घेतलाय.' रिकाम्या पोटीची साखर तपासायला आलेल्या रुग्णांकडून हे वाक्य प्रत्येक फॅमिली डॉक्टरने ऐकलेले असते. आपल्याकडे चहा 'खाण्यात' धरला जात नाही. उपवासाला तो चालतो, औषध घेताना चालतो, पाहुण्याने नाही म्हटले तरी चालतो. म्हणूनच चहाच्या नावाखाली एखादा नवा पदार्थ आला की त्याचीही मोजदाद होत नाही.

असाच एक पदार्थ म्हणजे चीज टी. तैवानमध्ये सुरू झालेला, चीनमध्ये मोठा झालेला आणि सिंगापूर, मलेशिया, लंडन, न्यूयॉर्कपर्यंत पोहोचलेला हा थंड चहा आता मुंबई-पुण्यातल्या काही बबल टीच्या दुकानांतही मिळतो. कॉलेजातली मुले तो पितात, सिंगापूरला नोकरीसाठी गेलेली मुलगी त्याचे फोटो पाठवते आणि घरातले मोठे विचारतात, 'चहात चीज? हे तब्येतीला बरे असते का?' मधुमेह असलेले रुग्ण वेगळाच प्रश्न विचारतात: 'साखर शून्य करून घेतला तर चालेल ना?'

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका शब्दात देता येत नाहीत. पण हिशेब मांडला तर बरेचसे स्पष्ट होते.

थोडक्यात

• चीज टी विष नाही. पण तो चहाही नाही. पोषणाच्या दृष्टीने तो गोड, स्निग्ध पदार्थ आहे, म्हणजे आइस्क्रीमच्या गटातला.
• 'शून्य साखर' हा पर्याय बहुधा खालच्या चहापुरता असतो. वरच्या थरातली साखर आणि चरबी तशीच राहते.
• यातल्या चीजमधून प्रथिने आणि कॅल्शियम फारसे मिळत नाही.
• मधुमेह, रक्तातील जास्त कोलेस्टेरॉल, पित्ताशयातील खडे, ॲसिडिटी, ॲनिमिया किंवा गर्भारपण असेल तर पुढचे मुद्दे नीट वाचा.

चीज टी म्हणजे नेमके काय?

नाव ऐकून पिझ्झावरचे ताणले जाणारे चीज डोळ्यांसमोर आणू नका. खाली काळा, हिरवा किंवा ऊलाँग चहा असतो, बहुतेक वेळा बर्फ घातलेला. त्यावर दोन-तीन बोटे जाडीचा पांढरा, फेसाळ थर असतो. हा थर क्रीम चीज, व्हिपिंग क्रीम, थोडे दूध, साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटून तयार करतात. चव गोड-खारट लागते. पिण्याची पद्धतही ठरलेली आहे: स्ट्रॉ न वापरता पेला तिरका धरायचा, म्हणजे वरची साय आणि खालचा कडवट चहा एकाच घोटात तोंडात येतात.

हे इतके आवडते त्यामागे साधे कारण आहे. मिठातले सोडियम जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबते, त्यामुळे तोच चहा अधिक गोड लागतो. दुधातली प्रथिने चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा कमी होतो. चरबीमुळे घोट जड, मुलायम लागतो. गोड, खारट आणि स्निग्ध या तिन्ही चवी एकत्र आल्या की माणसाला 'पुरे' म्हणणे अवघड जाते. जेवल्यावर आइस्क्रीमला जागा होते, त्याचे कारणही काहीसे हेच.

तैवानच्या रात्रबाजारातून जगभर

२०१० च्या सुमारास तैवानच्या रात्रबाजारांत चहावर खारट चीजचा फेस घालून द्यायला सुरुवात झाली. तेव्हा तो फेस बहुतेक ठिकाणी चीज पावडर आणि दुधाची पावडर वापरून केला जाई. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या च्यांगमेन शहरात निए युनचेन या विशीतल्या तरुणाने छोटे दुकान काढले आणि पावडरऐवजी खरे क्रीम चीज वापरून हा चहा विकायला सुरुवात केली. तीच पुढे 'हेटी' ही साखळी झाली. २०१७ मध्ये शांघायमध्ये तिचे दुकान उघडले तेव्हा एका पेल्यासाठी लोक काही तास रांगेत उभे राहिले. २०१८ मध्ये ती सिंगापूरला आणि २०२३ मध्ये लंडन व न्यूयॉर्कला पोहोचली. तोवर इतर अनेक साखळ्यांनीही आपल्या यादीत चीजचा थर घेतला होता.

पावडरकडून खऱ्या चीजकडे झालेला हा बदल आरोग्याच्या दृष्टीने एका बाबतीत चांगला होता. स्वस्त पावडरमध्ये अनेकदा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असे आणि त्यातून ट्रान्स फॅट पोटात जात असे. ट्रान्स फॅट हृदयासाठी सर्वांत वाईट चरबी मानली जाते. भारतातही जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या आणि त्यापासून बनवलेल्या पदार्थांतल्या चरबीत औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे.

पण याच बदलातून एक गैरसमजही रुजला. 'खरे दूध, खरे चीज, खरी चहापत्ती' असे लिहिलेले दिसले की ग्राहक तो पदार्थ पौष्टिक समजतो. घरचे तूपही खरेच असते. म्हणून आपण ते वाटीने पीत नाही.

आत्ताच एवढी चर्चा का?

कारण हा व्यवसाय आता प्रचंड मोठा झाला आहे. २०२५ मध्ये चीनमधल्या चहापेयांच्या अनेक साखळ्या शेअर बाजारात उतरल्या: मिश्वे आणि गुमिंग हाँगकाँगला, चागी अमेरिकेच्या नॅसडॅकवर. मिश्वेच्या दुकानांची संख्या ४५ हजारांपलीकडे गेली आहे. या सगळ्यांचा मुख्य माल चीज टी नाही. कुणी लिंबू सरबत आणि आइस्क्रीम विकते, कुणी दुधाचा चहा. पण बाजार एकच आहे आणि गिऱ्हाईकही तेच तरुण.

त्यातच २०२५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये सवलतींची चढाओढ लागली. चहाची पेये अक्षरशः कवडीमोल दराने, काही वेळा जवळजवळ फुकट घरी येऊ लागली. पूर्वी हेटीचा एक पेला ३० युआनच्या आसपास असे, त्यामुळे तो कधीतरीच घेतला जाई. किंमत पडली की 'कधीतरी'चे 'रोज' व्हायला वेळ लागत नाही. एका डॉक्टरच्या दृष्टीने या सगळ्या बातम्यांतली महत्त्वाची बाब हीच आहे. एखाद्या पदार्थाने होणारे नुकसान त्याच्या एका पेल्यापेक्षा तो आठवड्यातून किती वेळा पोटात जातो, यावर अधिक ठरते.

दुसरीकडे, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार चीनमध्ये सुमारे १४ कोटी प्रौढांना मधुमेह आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारने लोकांचे वजन आटोक्यात आणण्यासाठी तीन वर्षांची मोहीम सुरू केली. म्हणजे एकीकडे सवलतीत गोड पेये आणि दुसरीकडे वजन कमी करा असा सरकारी सल्ला, अशी तिथली स्थिती आहे. आपण यापासून फार लांब नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

एका पेल्याचा हिशेब

प्रत्येक दुकानाचे प्रमाण वेगळे असते, म्हणून इथे घरी करता येईल अशा सर्वसाधारण कृतीचा हिशेब मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत, पण कल्पना येण्यासाठी पुरेसे आहेत.

वरचा थर:

• क्रीम चीज ३० ग्रॅम : सुमारे १०५ कॅलरी, १० ग्रॅम चरबी
• व्हिपिंग क्रीम ४० मिलि : सुमारे १३५ कॅलरी, १४ ग्रॅम चरबी
• साखर २ चमचे (१० ग्रॅम) : ४० कॅलरी
• दूध २० मिलि आणि चिमूटभर मीठ : सुमारे १२ कॅलरी

खालचा चहा:

• बिनदुधाचा चहा ३५० मिलि : जवळजवळ शून्य कॅलरी
• साखरेचा पाक, ४ चमचे साखरेइतका (२० ग्रॅम) : ८० कॅलरी

एकूण झाल्या सुमारे ३७० कॅलरी. तूप न लावलेल्या तीन-चार फुलक्यांइतक्या. साखर ३० ग्रॅम. चरबी सुमारे २५ ग्रॅम आणि त्यातली साधारण १५ ग्रॅम संपृक्त, म्हणजे तूप-लोणी-साय यांत असते ती, रक्तातले 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवणारी.

आता मर्यादा पाहू. रोजचा आहार २००० कॅलरींचा धरला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी आणि संपृक्त चरबी सुमारे २२ ग्रॅमच्या आत. म्हणजे या एका पेल्यात साखरेची 'शक्यतो' मर्यादा ओलांडली जाते आणि दिवसभराच्या संपृक्त चरबीचा दोन-तृतीयांश वाटा संपतो. तोही जेवण न करता. प्यालेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे रात्रीच्या जेवणात एक पोळीही कमी होत नाही.

मिठाबद्दल मात्र उगाच घाबरायला नको. चिमूटभर मीठ आणि चीजमधले सोडियम धरूनही ते एका पापडापेक्षा फार वेगळे नसते. रक्तदाब असलेल्यांनी आधी लोणचे, पापड, फरसाण आणि वेफर्सकडे पाहावे.

'मी साखर शून्य सांगते' : यात मेख कुठे आहे?

या दुकानांत साखरेचे प्रमाण निवडता येते: पूर्ण, निम्मी, पाव, शून्य. ही सोय चांगली आहे आणि ती जरूर वापरावी. पण बहुतेक ठिकाणी हा पर्याय फक्त चहात घालायच्या पाकाला लागू होतो. चीजचा थर सकाळीच मोठ्या भांड्यात फेटून ठेवलेला असतो. त्यातली साखर कुणासाठी वेगळी काढता येत नाही.

आपल्या उदाहरणात 'शून्य साखर' निवडली तर ८० कॅलरी कमी होतात आणि सुमारे २९० उरतात. साखर ३० वरून १० ग्रॅमवर येते, हा खरा फायदा आहे. पण चरबी तेवढीच राहते. हेच उलट केले, म्हणजे चीजचा थर काढून टाकला आणि चहात निम्मी साखर ठेवली, तर पेला ४० कॅलरींचा होतो आणि साखर तितकीच, १० ग्रॅम, राहते. कॅलरी कमी करायच्या असतील तर आधी वरचा थर कमी करायला हवा, हे यातून दिसते.

बबल टीमधले साबुदाण्याच्या मोठ्या दाण्यांसारखे काळे गोळे वर घेतले, तर हिशेब आणखी बदलतो. ते कसाव्याच्या पिठाचे, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतात आणि वर पाकात मुरवलेले असतात. लहान मुलांच्या घशात ते अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नयेत.

'पण चीज म्हणजे प्रोटीन ना?'

हा प्रश्न बहुतेक आईवडील विचारतात. 'नाहीतरी तो दूध पीत नाही, निदान यातून तरी काही जाईल पोटात.' दुर्दैवाने फारसे जात नाही. पनीर किंवा घट्ट चीजमध्ये प्रथिने भरपूर असतात, पण क्रीम चीज हे नावाला चीज आहे. त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा चरबी असते आणि १०० ग्रॅममध्ये प्रथिने जेमतेम ६ ग्रॅम.

वरच्या सगळ्या थरातून मिळतात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. एक कप, म्हणजे १५० मिलि साधे दूध घेतले तर सुमारे ५ ग्रॅम प्रथिने आणि १८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, तेही निम्म्याहून कमी कॅलरींत. दूध नको असेल तर वाटीभर दही किंवा ताक-पोहे द्या. हाडांसाठी चीज टी पाजण्यात अर्थ नाही.

मधुमेह असेल तर

चीज टीच्या बाबतीत मधुमेहाच्या रुग्णांना तीन गोष्टी खास सांगाव्याशा वाटतात.

पहिली : साखर उशिरा वाढते. चरबीमुळे जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे रक्तातली साखर लगेच उसळत नाही. पेला संपल्यावर तासाभराने घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून 'हे मला चालते' असा निष्कर्ष काढू नका. तीच साखर दोन-तीन तासांनी वर आलेली असू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये हा फरक जास्त जाणवतो, कारण इन्सुलिनचा जोर आधी येतो आणि साखर मागून.

दुसरी : साखर अचानक कमी झाल्यावर, म्हणजे घाम, थरथर, धडधड, डोके हलके होणे अशी लक्षणे दिसल्यावर, हातात आहे म्हणून चीज टी पिऊ नका. त्यातली साखर वेळेवर रक्तात पोहोचणार नाही. अशा वेळी ग्लुकोजची पावडर किंवा साधी साखर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, लगेच रुग्णालयात न्या.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : वहीत काय लिहिता ते पाहा. रुग्ण आहाराची नोंद करून आणतात, त्यात लिहिलेले असते 'सायं. ५ - चहा'. तो 'चहा' घरचा अर्धा कप होता की ४५० मिलिचा चीज टी, हे कळायला मार्ग नसतो. मग तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली दिसते आणि डॉक्टर गोळी वाढवतात. जो पदार्थ खाल्ला, त्याचे नाव लिहा. कुणी रागावणार नाही. नोंद खरी असेल तर कधी कधी गोळी वाढवण्याची गरजच पडत नाही.

कॅफीन, लोह आणि औषधे

चीजच्या चर्चेत खालच्या चहाचा विसर पडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलि चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. दुकानातला पेला याच्या दुपटीहून मोठा आणि चहा कडक असतो. संध्याकाळी सात वाजता प्यायलेल्या अशा पेल्याने रात्री बारापर्यंत झोप आली नाही, तर त्याचे नवल वाटायला नको.

• गर्भवती : दिवसभरात कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. चीज आणि क्रीम पाश्चराइज्ड दुधाचे आहे ना, हेही विचारावे. मोठ्या साखळ्यांत ते बहुधा असतेच.
• ॲनिमिया : चहातली टॅनिन्स अन्नातले लोह शोषू देत नाहीत. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास कोणताही चहा टाळा. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका.
• थायरॉइडची गोळी : रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा किंवा दूध नको.
• अँटिबायोटिक : सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर गोळी आणि दुधाचे पदार्थ यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते आणि धडधड वाढू शकते.
• पित्ताशयात खडे : चरबीयुक्त पदार्थाने उजव्या बरगडीखाली कळ येऊ शकते. हा पेला तुमच्यासाठी नाही.
• ॲसिडिटी : चरबी आणि कॅफीन दोन्हींमुळे जळजळ वाढते. निदान झोपण्याआधी तीन तास तरी नको.
• दूध न पचणारे : पोट फुगणे, गॅस, जुलाब होत असतील तर वरचा थर टाळून पाहा.

सिंगापूरने काय केले?

या विषयावर सर्वांत उपयोगी पाऊल सिंगापूरने उचलले. तिथे पेयांना साखर आणि संपृक्त चरबी यांवरून अ, ब, क, ड अशा अर्थाची 'ए' ते 'डी' श्रेणी द्यावी लागते. दोन्हींपैकी जी बाजू वाईट, तिच्यावर श्रेणी ठरते. डिसेंबर २०२२ पासून हा नियम बंद बाटल्यांना लागू झाला आणि डिसेंबर २०२३ पासून दुकानात ताज्या बनवलेल्या पेयांनाही. 'डी' श्रेणीच्या पेयांची जाहिरात करता येत नाही. परिणामही दिसला: तिथल्या बंद पेयांतले साखरेचे मध्यम प्रमाण २०१७ मध्ये ७.१ टक्के होते, ते २०२३ मध्ये ४.६ टक्क्यांवर आले. लोकांनी पेये सोडली नाहीत. कंपन्यांनी साखर कमी केली.

ही मोजपट्टी आपल्या उदाहरणातल्या पेल्याला लावून पाहू. १०० मिलिमागे साखर साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साखरेवरून 'सी'. संपृक्त चरबी तीन ग्रॅमहून जास्त. २.८ ग्रॅमच्या पुढे 'डी' सुरू होते. म्हणजे पेला 'डी'. आता पाकातली सगळी साखर काढा. साखरेवरून तो 'बी' होतो, पण चरबीमुळे राहतो 'डी'च. ही कुठल्या दुकानाला मिळालेली श्रेणी नाही, फक्त आपल्या हिशेबाचा पडताळा आहे.

शांघायनेही २०२४ मध्ये अशीच 'ए' ते 'डी' श्रेणी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्याआधी २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक संस्थेने दुकानांतले दुधाचे चहा तपासले, तेव्हा 'बिनसाखरेचे' म्हणून दिलेल्या पेल्यांतही साखर सापडली होती.

आपल्याकडे दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांनी मेनूवर कॅलरी लिहाव्यात, असा नियम आहे. पण आकडा बारीक अक्षरात असतो आणि तो आपण वाचत नाही. शिवाय साखर किती, चरबी किती हे नुसत्या कॅलरीवरून कळत नाही. सिंगापूरसारखे एक ठळक अक्षर दिसले तर दहावीतला मुलगाही समजू शकेल. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती पाटी जरूर वाचावी. इथे राहणाऱ्यांनी तशी पाटी मागावी.

मग प्यायचा की नाही?

निरोगी माणसाने महिन्यातून एक-दोनदा, मित्रांबरोबर, गोड खाण्याऐवजी घेतला तर काही बिघडत नाही. वाढदिवसाला केक खातो, तसेच हे. घ्यायचाच असेल तर:

• सर्वांत लहान पेला घ्या, किंवा दोघांत एक घ्या.
• चीजचा थर निम्मा मागा. बरीच दुकाने देतात.
• चहातली साखर शून्य किंवा पाव ठेवा. थर गोड असल्याने चवीत फार फरक पडत नाही.
• वर आणखी गोळे, जेली, पुडिंग नको.
• दुपारी चारच्या आत घ्या आणि त्या दिवशी दुसरे गोड घेऊ नका.
• तहान लागली म्हणून हा पिऊ नका. आधी पाणी प्या.

आणि एक गोष्ट मोठ्यांसाठी. मुलांच्या हातातला पेला पाहून बोलण्याआधी आपल्या कपाकडे पाहावे. घरी दिवसातून चार वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखरेचा चहा घेतला तर ४० ग्रॅम साखर होते. आपल्या उदाहरणातल्या चीज टीपेक्षा दहा ग्रॅम जास्त, आणि तीही वर्षाचे ३६५ दिवस. मुलगी महिन्यातून दोनदा चीज टी पिते आणि बाबा रोज चार कप गोड चहा घेतात, अशा घरात साखरेची काळजी आधी कुणाची करावी, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. टोमणे मारून मुले पिणे थांबवत नाहीत, फक्त सांगणे थांबवतात. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी मिळून एक-एक चमचा साखर कमी करावी. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

वारंवार तहान, रात्री सतत लघवीला उठावे लागणे, कारण नसताना वजन घटणे, मानेवर किंवा काखेत काळसर मखमली पट्टे, मुलींमध्ये पाळीची अनियमितता आणि झपाट्याने वाढलेले वजन, किंवा चरबीयुक्त खाण्यानंतर पोटात उजवीकडे कळ, यांपैकी काही असेल तर थांबू नका. वय कमी आहे म्हणून साखर तपासायची राहू देऊ नका. आणि तपासणीला येताना 'फक्त चहा' घेऊनही येऊ नका. रिकाम्या पोटी म्हणजे फक्त पाणी.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. चालू औषधे आणि पथ्य यांत बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.)